एका तिकिटाचं रान

न्यू यॉर्कच्या सबवेची १ क्रमांकाची गाडी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला साउथ फेरीपाशी सुटते आणि ३८ स्थानकांचा प्रवास करून साधारण तासाभरात ब्रॉन्क्सच्या वायव्य कोपऱ्यात पोहोचते. तिथे तिचा मार्ग संपतो. या शेवटच्या टप्प्यात ती भुयारात नसतेच. ब्रॉडवे या रस्त्यावर उभारलेल्या पोलादी खांबांवरून, दुमजली दुकानांच्या उंचीवरून ती धावते. शेवटच्या स्थानकाच्या नावातच उद्यानाचं नाव आहे : व्हॅन कोर्टलँड पार्क–२४२ वा रस्ता. जिना उतरलं की समोर १,१४६ एकर जमीन पसरलेली असते. तिच्यात मोठं गवताळ मैदान आहे, तळं आहे, ओढा आहे, टेकडी आहे आणि ओक व ट्यूलिपच्या उंच झाडांचं खरंखुरं जंगल आहे. जगभर नाव झालेलं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे, म्हणजे याच्याहून पुष्कळ लहान. तरी न्यू यॉर्क पाहायला आलेला माणूस इकडे फिरकत नाही. शहराच्या नकाशावर हे उद्यान वरच्या कडेला, उरलेल्या जागेत बसवल्यासारखं दिसतं. ही समजूत चुकीची आहे. ही जागा उरली म्हणून तिचं उद्यान झालं नाही. शहर पोहोचायच्या आधी ती जाणीवपूर्वक राखली गेली. तिला खरा अर्थ आला तो मात्र रुळांमुळे आणि त्या रुळांवरच्या एका साध्या नियमामुळे : कुठूनही बसा, कुठेही उतरा, भाडं एकच.

गोष्ट १८८० च्या दशकातली आहे. ब्रॉन्क्सचा पश्चिम भाग १८७४ मध्ये न्यू यॉर्क शहराला जोडला गेला होता, पण तिथे अजून शेतं, गिरण्यांची तळी आणि विखुरलेली गावंच होती. लोकसंख्या मॅनहॅटनच्या खालच्या अर्ध्या भागात कोंडली होती. जॉन मुलाली या पत्रकाराने १८८१ मध्ये काही मंडळींना एकत्र करून न्यू यॉर्क पार्क असोसिएशन उभी केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं : शहर उत्तरेकडे सरकणारच आहे, जमीन स्वस्त आहे तोवर मोठे तुकडे विकत घ्या, कारण शहर पोहोचल्यावर ते कुठल्याही किमतीला मिळणार नाहीत. त्याने व्यवहाराचा मुद्दाही जोडला. सेंट्रल पार्कभोवतीच्या जमिनींचे भाव आणि त्यांवरचा कर जसा वाढला तसा इथेही वाढेल आणि उद्यानं आपला खर्च आपणच भरून काढतील. विरोध जोरदार होता. कर्जात असलेल्या शहराने शेतं आणि दलदल कशाला विकत घ्यायची, हा प्रश्न त्या वेळी अडाणीपणाचा नव्हता. तरी १८८४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १८८८ मध्ये सुमारे चार हजार एकर जमीन शहराच्या ताब्यात आली. व्हॅन कोर्टलँड, ब्रॉन्क्स पार्क, पेलहॅम बे, क्रोटोना, क्लेअरमाँट, सेंट मेरीज ही उद्यानं आणि त्यांना जोडणारे झाडांचे रुंद रस्ते त्यातून निघाले. पेलहॅम बेची जमीन तर तेव्हा शहराच्या हद्दीतसुद्धा नव्हती. हद्दीबाहेर जाऊन उद्यान विकत घेणारी नगरपालिका आजही दुर्मीळच म्हणावी लागेल.

मुलालीचा युक्तिवाद दूरदृष्टीचा होता, पण अपुरा होता. जमीन घेतल्यावर वीस वर्षं हे उद्यान मुख्यतः त्यांच्याच उपयोगाचं होतं ज्यांच्याकडे घोडागाडी होती, किंवा ज्यांना उद्यानाच्या मधून जाणाऱ्या खासगी रेल्वेचं तिकीट परवडत असे. १८९५ मध्ये इथे गोल्फचं मैदान सुरू झालं. अमेरिकेतलं ते पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान मानलं जातं आणि ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्या काळी कामाच्या दिवशी दुपारी गोल्फ खेळायला कोण मोकळं असे, हे सांगायला नको. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या शिवणकामगाराला इथवर यायचं तर एकाहून अधिक वाहनं बदलावी लागत आणि बहुतेक वेळा प्रत्येकाचं भाडं वेगळं पडे. नकाशावर सार्वजनिक असलेली जागा प्रत्यक्षात सार्वजनिक नसते, ती अशी. कायद्याने दार उघडं ठेवलं तरी दारापर्यंतचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

त्याच सुमारास अमेरिकेत मार्गाच्या टोकाला बागा उभारण्याची एक वेगळीच पद्धत रूढ होत होती. शहरोशहरीच्या ट्राम कंपन्या आपल्या मार्गाच्या शेवटी स्वतःच करमणुकीची उद्यानं बांधत. पिट्सबर्गजवळचं केनीवूड हे १८९८ चं उद्यान त्यांतलं प्रसिद्ध उदाहरण. कारण सरळ होतं : आठवडाभर कामगारांनी भरणाऱ्या गाड्या रविवारी रिकाम्या धावत, म्हणून रविवारचा प्रवासी तयार करायचा. तिथे उद्यान हे तिकीट खपवण्याचं साधन होतं आणि बऱ्याच ठिकाणी मोटारी वाढून ट्राम आटल्या तशा त्या बागाही बंद पडल्या. व्हॅन कोर्टलँडचा क्रम याच्या उलट आहे. आधी जमीन, तीही सार्वजनिक पैशाने आणि कायमची. गाडी त्यानंतर वीस वर्षांनी. गाडीचा नफा-तोटा काहीही झाला तरी उद्यानाच्या अस्तित्वाला त्यामुळे धक्का लागणार नव्हता. म्हणून ‘रेल्वेच्या टोकाची बाग’ एवढ्याच वर्णनात या दोन गोष्टी एकत्र बांधणं बरोबर नाही.

न्यू यॉर्कचा पहिला सबवे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला आणि १ ऑगस्ट १९०८ रोजी त्याचा ब्रॉडवेवरचा फाटा २४२ व्या रस्त्यापर्यंत पोहोचला. शहराने बांधकामासाठी पैसा उभा केला, गाड्या खासगी कंपनीने चालवायच्या होत्या आणि करारात भाडं ठरवून टाकलं होतं : पाच सेंट, अंतर कितीही असो. हे भाडं १९४८ पर्यंत टिकलं. पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली तेव्हा कंपनीने सात सेंट मागितले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२९ मध्ये कंपनी तिथे हरली. मुंबईत लोकलपासून मेट्रोपर्यंत भाडं अंतराप्रमाणे वाढतं, त्यामुळे आपल्याला हा नियम तसा अपरिचित. त्याचा परिणाम नीट पाहिला पाहिजे. अंतराप्रमाणे भाडं असतं तेव्हा सर्वांत दूर राहणाऱ्याला शहराची मधली ठिकाणं महाग पडतात आणि मध्ये कोंडलेल्याला शहराची कड महाग पडते. भाडं एक असलं की दूरचं ठिकाण पैशाच्या हिशेबात जवळच्याइतकंच जवळ येतं. चौदा-पंधरा मैलांवरचं जंगल आणि दोन स्थानकांवरचा बाजार यांची किंमत सारखी होते. माणसाला द्यावा लागतो तो फक्त वेळ. मुलालीने जमीन राखली, पण त्या जमिनीवर पाच सेंटवाल्या माणसाचा हक्क प्रस्थापित केला तो या करारातल्या कलमाने. उद्यानाच्या इतिहासात हे कलम १८८४ च्या कायद्याच्या शेजारी ठेवावं इतक्या योग्यतेचं आहे.

यावर आक्षेप असा की हे भाडं कोणीतरी भरतच होतं. ते खरंच आहे. जवळचा प्रवासी दूरच्याचा भार उचलत होता. पुढे कंपनीला देखभाल झेपेना आणि १९४० मध्ये शहराला सगळी व्यवस्था आपल्याकडे घ्यावी लागली. स्वस्त भाड्यामुळे गाड्या जुनाट राहिल्या, हेही नाकारता येत नाही. पण या आक्षेपातून निघतं ते एवढंच की एकच भाडं हा सार्वजनिक खर्च आहे आणि तो सार्वजनिक खर्च म्हणूनच उघडपणे मांडावा. उद्यानाचे माळी, पहारेकरी, गवत कापण्याची यंत्रं यांवर होणारा खर्च आपण उद्यानाचा खर्च धरतो. माणूस तिथवर आणण्याचा खर्च मात्र वाहतुकीच्या खात्यात टाकतो आणि मग वाहतूक तोट्यात आहे असं म्हणतो. ज्या उद्यानात कोणी पोहोचू शकत नाही त्याच्या माळ्याचा पगारही तोट्यातच गेला, असं मग म्हणावं लागेल. २४२ व्या रस्त्यापर्यंतचं भाडं अजूनही अंतरावर ठरत नाही, याची किंमत शहर मोजतं आणि ती मोजण्यासारखी आहे.

तुलनेसाठी त्याच महानगरातलं दुसरं टोक पाहावं. लाँग आयलंडवरचा जोन्स बीच १९२९ मध्ये खुला झाला. उद्यानं आणि मोटाररस्ते उभारणारा सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस याची ती निर्मिती. वाळू, स्नानगृहं, मनोरा, सगळंच देखणं. तिथे जायचं ते पार्कवे नावाच्या मोटाररस्त्यांनी आणि या रस्त्यांवर बसगाड्यांना मज्जाव होता. मोटार असलेल्या कुटुंबासाठी तो समुद्रकिनारा सहज गाठता येणारा. मोटार नसलेल्यासाठी तो वर्षातून एखाद्या वेळचा खटाटोप. दोन्ही जागा सार्वजनिक, दोन्ही शहराच्या कडेच्या, दोन्ही करांच्या पैशातल्या. फरक रस्त्याच्या टोकाचा आणि रुळांच्या टोकाचा. उद्यानाची रचना कितीही उत्तम असली तरी तिथे कोण दिसणार हे रचनाकार ठरवत नाही. ते ठरतं तिथे जाणाऱ्या वाहनावरून.

रेल्वेमुळे जंगलाचा नाश होतो, हा दुसरा आक्षेप वजनदार आहे. गाडी आली की इमारती येतात, इमारती आल्या की मोकळी जागा संपते. ब्रॉन्क्सची लोकसंख्या १९०० मध्ये दोन लाखांच्या आसपास होती. १९३० पर्यंत ती साडेबारा लाखांच्या वर गेली. ही वाढ मुख्यतः रुळांनीच घडवली. १९१८ मध्ये आताच्या ४ क्रमांकाच्या गाडीचा मार्ग उद्यानाच्या आग्नेय बाजूला वुडलॉनपर्यंत आला, म्हणजे एका उद्यानाच्या दोन बाजूंना दोन मार्गांची टोकं आली. भोवतालची शेतं बघता बघता पाच-सहा मजली इमारतींखाली गेली. पण या साऱ्यात १,१४६ एकर उभे राहिले ते कशामुळे? रुळांच्या आधी जमीन राखली होती म्हणून. जिथे आधी रेल्वे आणि मग उद्यानाचा विचार असा क्रम लागला, तिथे उद्यानाला कोपऱ्यातले चौरस तुकडेच मिळाले. शिवाय वाढीने उद्यानाचं गिऱ्हाईक बदललं : लांबून रविवारी येणाऱ्याबरोबर रोज संध्याकाळी येणारा शेजारी मिळाला. आजूबाजूच्या नॉरवूड, किंग्जब्रिज, वुडलॉन, रिव्हरडेल या वस्त्या एकमेकींहून अगदी वेगळ्या, कुठे श्रीमंत, कुठे नुकते आलेले स्थलांतरित, आणि त्यांच्या मधोमध हे एकच मैदान आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. गरिबाला तासभर दूरचं रान देण्यापेक्षा त्याच्या गल्लीत छोटी बाग द्या, असं ही उद्यानं आकाराला येत होती त्याच काळात पत्रकार जेकब रीस सांगत होता. १८८७ मध्ये छोट्या उद्यानांचा कायदा झाला आणि कुप्रसिद्ध मलबेरी बेंड वस्तीच्या जागी १८९७ मध्ये बाग उघडली. रीसचं म्हणणं बरोबरच होतं. तान्ह्या मुलाला घेऊन आई तासभर गाडीत बसणार नाही. म्हातारा माणूस रोज जिने चढणार नाही. मात्र यातून मोठ्या उद्यानाची गरज नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे, कारण काही गोष्टी गल्लीतल्या बागेत मावत नाहीत. क्रॉस कंट्री शर्यत हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. शंभराहून अधिक वर्षं व्हॅन कोर्टलँड ही अमेरिकेतल्या या खेळाची पंढरी आहे. धावपटू इथल्या वाटेचे भाग नावांनिशी ओळखतात : सुरुवातीचं सपाट ‘फ्लॅट्स’, मग ‘काउपाथ’, रस्त्यावरचा पूल ओलांडून ‘बॅक हिल्स’चे चढउतार, आणि वर जुनी दफनभूमी असलेली ‘सिमेटरी हिल’. एकाच वाटेवर अनेक पिढ्यांनी वेळा नोंदवल्यामुळे आजच्या शाळकरी मुलीला आपली वेळ चाळीस वर्षांपूर्वीच्या धावपटूच्या वेळेशी ताडून पाहता येते. शहरातल्या कित्येक शाळांना स्वतःचं मैदान नाही. त्यांचे संघ बूट पिशवीत टाकून गाडीने शेवटच्या स्थानकावर येतात आणि शर्यत संपली की गाडीनेच परततात. छोट्या बागा शंभर बांधल्या तरी त्यांची बेरीज करून ही टेकडी तयार होत नाही. शहराला दोन्ही लागतात, आणि त्यांना एकमेकींविरुद्ध उभं करणारा खजिनदार दोन्हींवरचा खर्च टाळू पाहत असतो.

क्रिकेटचंही तसंच. एके काळी नॅशनल गार्डच्या कवायतींसाठी वापरलेलं इथलं परेड ग्राउंड आता क्रिकेटच्या खेळपट्ट्यांसाठी ओळखलं जातं. शनिवार-रविवारी वेस्ट इंडीज, गयाना, भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथून आलेल्यांचे संघ एकाच वेळी शेजारशेजारच्या खेळपट्ट्यांवर खेळतात. २०२३ मध्ये असा प्रस्ताव आला की २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी इथे ३४ हजार आसनांचं तात्पुरतं स्टेडियम उभारावं. वरवर पाहता क्रिकेटच्या गावात क्रिकेटचा उत्सव. नकार कोण देणार? नकार दिला तो इथेच खेळणाऱ्या क्रिकेटपटूंनी आणि आसपासच्या रहिवाशांनी. कुंपण घालून मैदान महिनोन्‌महिने बंद राहणार, खेळपट्ट्या उखडणार, आणि ज्यांची ही जागा रोजची आहे त्यांनाच बाहेर ठेवून जगाला खेळ दाखवला जाणार, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी सामने नासाऊ काउंटीतल्या आयझेनहॉवर पार्कमध्ये झाले. ९ जून २०२४ चा भारत-पाकिस्तान सामना तिथलाच. तीनच दिवसांनी तिथे मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना रोहित शर्मा आणि विराट कोहली दोघांनाही बाद केलं. अमेरिकेतलं क्रिकेट स्थलांतरितांनी जगवलं हे त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं. पण ते वर्षानुवर्षं जगतं ते व्हॅन कोर्टलँडसारख्या, तिकीट न काढता खेळता येणाऱ्या मैदानांवर. स्टेडियमला झालेला विरोध म्हणजे प्रगतीला विरोध, अशी टीका झाली. मला तो विरोध उद्यानाच्या मूळ हेतूचं अचूक वाचन वाटतो. चार आठवड्यांच्या प्रेक्षकापेक्षा पंचवीस वर्षांच्या खेळाडूचा हक्क मोठा.

ही जमीन ‘सर्वांची’ हा दावा मात्र तपासल्याशिवाय स्वीकारू नये. जेकबस व्हॅन कोर्टलँडने सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे जमीन घेतली, टिबेट्स ओढ्यावर बांध घालून गिरणीसाठी तळं केलं. आजचं तळं तेच. १७४८ मध्ये त्याच्या मुलाने, फ्रेडरिकने, बांधलेला दगडी वाडा ब्रॉन्क्समधली सर्वांत जुनी इमारत म्हणून ओळखला जातो आणि १८९० च्या दशकापासून तिथे संग्रहालय आहे. वाड्याचं, गव्हाच्या शेताचं, गिरणीचं काम गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी केलं. फ्रेडरिकच्या मृत्युपत्रात ती माणसं मालमत्ता म्हणून वाटली गेली आहेत. तळ्याजवळच्या त्यांच्या दफनभूमीला अधिकृत ओळख मिळाली ती २०२१ मध्ये. उद्यानाच्या ईशान्य भागात ३१ ऑगस्ट १७७८ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात स्टॉकब्रिजच्या मूलनिवासी योद्ध्यांची, त्यांच्या डॅनियल निमहॅम या प्रमुखासह, ब्रिटिश बाजूच्या सैन्याने कत्तल केली. खुद्द मुलालीही निर्दोष नव्हता : यादवी युद्धाच्या काळात त्याने सैन्यभरतीविरुद्ध चिथावणीखोर आणि कृष्णवर्णीयांविषयी द्वेषाचं लिखाण केलं. त्याच्या नावाचं ब्रॉन्क्समधलं उद्यान अलीकडे दुसऱ्या नावाने ओळखलं जाऊ लागलं ते यामुळेच. त्याचं नाव उतरवणं योग्य झालं आणि त्याने राखलेली जमीन त्याच्या कल्पनेपलीकडच्या लोकांची झाली, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. जागा सार्वजनिक होते ती एकदा कागद झाला म्हणून नाही. तिच्यावर कोणाचे श्रम आणि कोणाचं रक्त आहे हे तिथे येणाऱ्याला वाचता यावं, हाही तिच्या सार्वजनिकपणाचाच भाग आहे.

टोकाच्या उद्यानाचं खरं दुखणं वेगळंच आहे. शहराला मध्यभागी जे नको असतं ते शहर कडेला आणून ठेवतं, आणि कडेला मोकळी जागा म्हणजे उद्यान. १९३० च्या दशकात मोझेसने हेन्री हडसन आणि मोशोलू हे पार्कवे इथून काढले, १९५० च्या दशकात मेजर डीगन हा द्रुतगती मार्ग आला. दलदल बुजली, उद्यानाचे तुकडे झाले. आजही एका भागातून दुसऱ्यात जायला पूल किंवा बोगदा शोधावा लागतो. मग १९९० च्या दशकात शहराने क्रोटन जलाशयांतून येणाऱ्या पाण्याचं शुद्धीकरण केंद्र इथल्या मोशोलू गोल्फ मैदानाखाली बांधायचं ठरवलं. शहराचं म्हणणं होतं की केंद्र जमिनीखाली असेल, वर पुन्हा गवत येईल, मग उद्यानाचं काय गेलं? फ्रेंड्स ऑफ व्हॅन कोर्टलँड पार्क ही संस्था न्यायालयात गेली आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला : उद्यानाची जमीन लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते, ती दुसऱ्या कामाला वापरायची तर, जमिनीखाली असो की काही वर्षांपुरती, राज्याच्या विधिमंडळाची स्पष्ट संमती हवी. ती संमती २००३ मध्ये मिळाली, ब्रॉन्क्सच्या उद्यानांसाठी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचं ठरलं, आणि तीन अब्ज डॉलरहून जास्त खर्चून बांधलेलं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. दिवसाला २९ कोटी गॅलन पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. लढाई हरलीच ना, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. शहराला पाणी हवं होतं, तेही लोकांचंच. पण निर्णय बंद खोलीतल्या अभियंत्यांकडून काढून निवडून आलेल्या लोकांच्या उघड मतदानापुढे आणला गेला, आणि जमिनीची किंमत मोजावी लागली.

मुंबईच्या वाचकाला इथे आरे आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, मार्गिका ३, हिचं उत्तरेचं टोक आरेपाशीच आहे, आणि वाद पेटला तो या टोकाला लागणाऱ्या कारशेडवरूनच. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्याबरोबर रात्रीतून झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. मार्गाच्या शेवटी गाड्या उभ्या करायला जागा लागते हे अभियांत्रिकीचं सत्य आहे. १ क्रमांकाच्या गाडीचा यार्डही तिथल्या उद्यानाच्या थोडा अलीकडे, २४० व्या रस्त्याला आहे. फरक असा की तिथे हिरव्या जमिनीची हद्द रुळांच्या वीस वर्षं आधी कायद्याने आखलेली होती, म्हणून यार्डला उद्यानाबाहेर जागा शोधावी लागली. आरेमध्ये आदिवासी पाडे आहेत, गोठे आहेत, बिबटे आहेत, म्हणजे राखण्यासारखं अधिकच आहे. नव्हती ती आधी आखलेली हद्द.

टोकाला असण्याचा आणखी एक तोटा म्हणजे विसर पडणं. १९७० च्या दशकात शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं तेव्हा पैसे आधी कापले गेले ते अशा जागांचे. १९७९ च्या ‘द वॉरियर्स’ या चित्रपटात शहरभरच्या टोळ्यांची सभा व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये भरते आणि नायकांना तिथून जीव मुठीत धरून सबवेने दुसऱ्या टोकाला, कोनी आयलंडला, परतायचं असतं. चित्रीकरण इथे झालंही नव्हतं. पण शेवटचं स्थानक म्हणजे भीती, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं. त्या भीतीला आधार होता : दिवे बंद, कचरा, जळालेल्या गाड्या हे त्या दशकातल्या ब्रॉन्क्सचं वास्तव होतं. मात्र उपाय कुंपण नव्हता, माणसांची वर्दळ हा होता. सेंट्रल पार्कला १९८० मध्ये खासगी देणग्यांवर चालणारी संस्था मिळाली आणि २०१२ मध्ये तर एकाच दात्याने तिला दहा कोटी डॉलर दिले. खिडकीतून उद्यान दिसणारे श्रीमंत शेजारी असल्याचा तो लाभ. व्हॅन कोर्टलँडसाठी काम करणाऱ्या संस्था, ज्या २०१९ मध्ये एकत्र होऊन व्हॅन कोर्टलँड पार्क अलायन्स झाल्या, त्या प्रमाणाच्या जवळपासही नाहीत. देणगीवर उद्यानं सोडली की उद्यानांची श्रीमंती शेजाऱ्यांच्या श्रीमंतीप्रमाणे वाटली जाते. टोकाच्या उद्यानाला म्हणूनच सरकारी अंदाजपत्रकाला पर्याय नाही.

सध्या तिथे चाललेलं सर्वांत महत्त्वाचं काम ओढ्याचं आहे. टिबेट्स ओढ्याचं पाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रॉडवेखालच्या गटारात वळवलं गेलं. तेव्हापासून तळ्यातून निघणारं चांगलं पाणी, रोज चाळीस-पन्नास लाख गॅलन, सांडपाण्यात मिसळून शुद्धीकरण केंद्राकडे जातं आणि मोठा पाऊस आला की गटारं तुंबून घाण नदीत ओसंडते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात मेजर डीगन महामार्ग पाण्याखाली गेला, मोटारी तरंगल्या. शहराने २०२३ मध्ये, एके काळी उद्यानातून जाणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या पटनम रेल्वेची जुनी जमीन १.१२ कोटी डॉलरना घेतली, ती ओढ्याला पुन्हा उघड्यावर आणण्यासाठी. त्याच पट्ट्यातून पायवाट आणि सायकलवाट दक्षिणेला २३० व्या रस्त्याकडे जाणार आहे, म्हणजे उद्यान स्वतःच रुळांच्या बाजूने शहराकडे सरकणार आहे.

एक जोड मात्र अजून सुटलेला आहे. उद्यान शहराच्या खात्याकडे, सबवे १९६८ पासून राज्याच्या प्राधिकरणाकडे. रुळांच्या दुरुस्तीची कामं साहजिकच शनिवार-रविवारी निघतात, कारण तेव्हा नोकरदारांची गर्दी नसते. वरच्या टोकाच्या गाड्या बंद होतात आणि बदली बस धावतात. प्राधिकरणाच्या हिशेबात तो सर्वांत कमी त्रासाचा दिवस. उद्यानाच्या हिशेबात तोच सर्वांत मोठा दिवस : क्रिकेटचे सामने, शाळांच्या शर्यती, कुटुंबांच्या सहली. ऑक्टोबरमधल्या शर्यतींच्या शनिवारी २४२ व्या रस्त्याची गाडी चालू ठेवणं हे वाहतूक खात्याचं सौजन्य मानलं जाऊ नये. उद्यान खात्याचं वार्षिक वेळापत्रक आणि रुळांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक एकाच टेबलावर बसून ठरवायला नवा कायदा लागत नाही, नवी जमीनही लागत नाही.